चार तळहात

पारा सातच्या खाली उतरला
की उन्हाळी रबर हट्टाला पेटतं,
शिळ्या राईच्या पावासारखं कडक.
मग माझ्या दुकानापुढे रांग लागते,
पार पेट्रोलपंपाच्या वळणापर्यंत.
सगळ्यांना आजच हवं असतं.
महिन्याभरापूर्वी फोन केला, तेव्हा म्हणाले होते: बघू.

सानेल्मा रेनडिअरांची डॉक्टर.
इनारी तळ्याच्या पलीकडून नवी एसयूव्ही घेऊन आली,
उंच, राखाडी, अजून कारखान्याचा वास असलेली.
दोन आसनांच्या मधे एक गोल चकती,
तिच्यावर चित्रं: बर्फ, चिखल, खडी, वाळू,
आणि आणखी दोन,
ज्यांचा अर्थ तिलाही ठाऊक नव्हता, मलाही.
"हे आहे ना," ती म्हणाली, "मग खिळ्यांचे टायर कशाला?
चारही चाकं ओढतात म्हणे."

ओढतात की.
निघताना चौघंही हात लावतात.
पण थांबायची वेळ आली
की तुझी गाडी आणि माझा गंजका पिकअप
एकाच पंगतीला बसतात.
बर्फ किंमत विचारत नाही.

मी तळवा काउंटरवर उपडा ठेवला.
एवढीच जागा. एका टायरची रस्त्याशी एवढीच ओळख.
असे चार.
त्यांवर दोन टन लोखंड, तू, तुझी औषधांची पेटी,
आणि मागे कोणी आजारी पाडस असेल तर तेही.
चकती इंजिनाला सांगते, दमानं घे,
बाईच्या पायाचा उतावळेपणा अर्धाच ऐक.
ती सांगणारी.
धरणारं खाली असतं, चिखलात, कोणी न बघता.

ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "आमच्या जनावरांचंही असंच.
थंडी आली की खुरातली मऊ गादी आक्रसते,
कडा उघडी पडते, तीच बर्फात रुतते.
उन्हाळ्यात पुन्हा मऊ."
मी म्हटलं, त्यांना नंबर लावावा लागत नाही.
"लावला असता," ती म्हणाली,
"तर तुझ्याकडे मिळाला नसता."

चारही खिळ्यांचे घातले.
ओइवानं शिकवलं होतं तसं सांगितलं:
सुरुवातीला सावकाश, नवे बूट घातल्यासारखी;
खिळे बसू देत जागेवर.
कोरड्या डांबरावर तडतड वाजत गेली ती,
वळणापलीकडेसुद्धा ऐकू येत होती.

मग सूर्य गेला.
डिसेंबरात गेला तो जानेवारी अर्धा सरेपर्यंत आला नाही.
दुपारी तेवढा तास-दोन तास निळा उजेड,
दुधाच्या भांड्याच्या तळाशी असतो तसा.

मार्चमध्ये आली, एक टायर हवा सोडत होता म्हणून.
कॉफी ओतून घेतली स्वतःच.
जानेवारीतली गोष्ट, म्हणाली.
उतार, वळण, आणि वळणापाशी तीस-चाळीस जनावरं,
रस्ता त्यांच्याच बापाचा असल्यासारखी उभी.
ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरलं,
खिळ्यांचा आवाज बदलला,
तडतडीचा करकर झाला.
एका म्हाताऱ्या मादीनं मान वळवून पाहिलं नुसतं.
सानेल्मानं कप खाली ठेवला
आणि तळवा काउंटरवर उभा धरला, बोटं मिटून.
"एवढं राहिलं होतं मधे."

मी गाडी आत घ्यायला बसलो.
चकती वाळूवर.

वाळूवर? या गावात?
ती आधी कळलंच नाही अशी बघत राहिली,
मग काचेला टेकून हसली, डोळे पुसेपर्यंत.
भाच्याचा मुलगा, आउकुस्ती, सहा वर्षांचा,
नाताळात पाच मिनिटं गाडीत एकटा बसला होता.
त्या खुणेवर उंट आहे. त्याला उंट आवडला.
"तरीच! मला वाटायचं, यंदा गाडी फार घाई करतेय.
म्हणून मग मीच सावकाश चालवायला लागले."

पंक्चर निघालं, एक गंजका स्क्रू.
मागच्या उजव्या टायरचे दोन खिळे गळाले होते,
बाकी जागच्या जागी.
मी चकती बर्फावर आणून ठेवली.
बिल लिहिताना खिडकीतून पाहिलं,
तर ती आत वाकून
ती पुन्हा उंटावर फिरवत होती.